तेविसावं विधान कोणाचं?

तीर्थस्वरूप मामांना,

कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या तुमच्या भाच्याचा पूर्ण नमस्कार. मामींनाही नमस्कार (त्या अजून माझ्यावर रागावलेल्या असतील तर हा नमस्कार दोन दिवस तुमच्याकडेच ठेवा आणि मग द्या). तुमची पाठ कशी आहे? आई म्हणते दुखणं खाली सरकलंय, ताई म्हणते वर सरकलंय. एकूण ते अजून तुमच्यातच आहे एवढंच नक्की कळतं. दुकानातली काच बसवून घेतली का? ती मी फोडली नव्हती. दार जोरात लागलं म्हणून फुटली. दार मी लावलं, एवढाच त्यात माझा भाग.

मी इथे खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक चार दिवस डाव्या डोळ्याची पापणी सारखी फडफडते आहे. तुम्ही तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवताय, गावभराचे डोळे तपासलेत, तेव्हा हे कशाचं लक्षण आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण कळवू नका. आणखी एक वाईट बातमी मला झेपायची नाही. फोनच का केला नाहीस, असं तुम्ही म्हणाल. मामा, फोनवर तुम्ही आधी ओरडता आणि मग ऐकता. मीही तसाच (आई म्हणते, मामावर गेलाय). दोघंही ओरडायला लागल्यावर ऐकायचं कोणी? पत्रावर माणूस ओरडला तरी पत्र आपलं पुढे बोलत राहतं. म्हणून पत्र. समोरचे शेजारी शनिवारी सकाळी तुमच्याकडेच निघालेत, त्यांच्या हाती देतो आहे.

मी नक्की कुठे कामाला आहे हे मी कोणालाच धड सांगितलेलं नाही. आईनं सगळीकडे 'शिक्षणाचं काहीतरी आहे' एवढंच पसरवून ठेवलंय. तर आमचं कार्यालय शाळांना आणि संस्थांना परीक्षांचे पेपर आणि सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तज्ज्ञांकडून तयार करून देतं. दोन खोल्या, खाली धुलाईचं दुकान. दुपारी खालची मोठी यंत्रं फिरायला लागली की वर टेबलं थरथरतात, आणि अगदी कोरड्या माणसाचं अक्षरही भावनेनं कापल्यासारखं दिसतं. आता तुम्ही विचाराल, कॉलेज सोडलेल्याला तिथे घेतलं कोणी? त्यालाही कारण कॉलेजच. मी कॉलेज का सोडलं ते तुम्हाला माहीत आहे. पेपरात एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर होती. मी पर्यवेक्षकांना दाखवलं. ते म्हणाले, एकच निवड. म्हटलं, कुठलं? म्हणाले, जास्त बरोबर वाटेल ते. मामा, जास्त बरोबर! पुढचं सगळं मग त्या एका शब्दावरून झालं. (शाईची दौत मी फेकली नव्हती. ठेवली होती. जरा लांबून.) तर ही हकिगत मी मुलाखतीत सांगितली आणि संचालकबाईंचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी मला तीस प्रश्नांचा कागद दिला. माझी एकोणीस उत्तरं चुकली, आणि बाई टाळी द्यायच्या बेतात आल्या. म्हणाल्या, "अरे, इतक्या खात्रीनं चुकणारा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नाही! कधी येतोस?"

त्याचं असं आहे की चार पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तर एक, ते तज्ज्ञ लिहितात. उरलेली तीन चुकीची उत्तरं लिहिणं हे खरं कठीण काम, कारण ती खरी वाटली पाहिजेत, चांगल्या मुलाचाही पाय तिथे घसरला पाहिजे. शिकल्यासवरल्या माणसाला असं चुकता येत नाही. तो मुद्दाम चुकतो आणि ते पोरांना लगेच कळतं. मी मनापासून चुकतो. सात महिने हेच माझं काम आहे, आणि स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण माझ्या एका चुकीच्या उत्तरावर परवा अकराशेपैकी सहाशे मुलं फसली. (हे आईला सांगू नका. तिला वाटतं मी मुलांना शिकवतो.)

आता ती. मामा, इथे मी दहा मिनिटं लेखणी खाली ठेवली होती.

ती आकड्यांचं काम बघते. कुठला प्रश्न मुलांना कळला, कुठला फसला, कुठल्या प्रश्नाचं बाकीच्यांशी पटतं, हे तिच्या तक्त्यांवरून ठरतं. किती वाजले विचारलं तर ती 'सव्वाचार' म्हणत नाही, 'चार सतरा' म्हणते. एकदा बाईंनी अहवालात साडेएकोणसाठचे साठ केले तर दिवसभर पाणीसुद्धा न पिता बसली. माझं टेबल तिच्या डाव्या हाताला. सात महिन्यांत मी तिच्याशी स्वतःहून जे बोललो ते असं: "टाचण्या आहेत का?" (चार वेळा. टाचण्या माझ्याकडे होत्या.) एरवी कोणाशीही भांडायला एका पायावर तयार असलेला तुमचा भाचा तिच्यासमोर बोळा घातलेल्या बाटलीसारखा होतो. मग मी काय करायचं? तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि खालची यंत्रं सुरू झाली की तिचे आकडे डळमळतात. म्हणून रोज सकाळी ती यायच्या आत मी त्या पायाखाली पुठ्ठ्याची नवी घडी घालतो. जुनी दिवसभरात चेपते. बस. एवढंच माझं प्रेम. कोणी मोजलंच तर चार पदरी पुठ्ठा.

दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या शाळासमूहाचं काम आलं: आपले शिक्षक कामावर सुखी आहेत का, हे त्यांना शोधायचं होतं. चाळीस विधानं, आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकटी. बाईंनी बक्षीस म्हणून त्यातली पाच विधानं मला लिहायला दिली. तेविसावं मी असं लिहिलं: 'कामाच्या ठिकाणी माझी मनापासून काळजी करणारी एक तरी व्यक्ती आहे.' साधं, सरळ. आता आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठलीही प्रश्नावली बाहेर जायच्या आधी कार्यालयातल्याच माणसांनी ती भरायची, आणि भरताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. समोर बसलेल्यानं ते शब्दन् शब्द टिपून घ्यायचं. मान हलवायची नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. शब्द कुठे अडतो ते त्यातून कळतं. मी बाईंना सांगून (बाईंना वाटलं, कामाची हौस) तिच्यासमोरची खुर्ची मिळवली.

बाविसावं झालं. तेविसाव्याला ती थांबली आणि मोठ्यानं बोलायला लागली, तसं मी टिपलं: "व्यक्ती म्हणजे शिपाई धरायचा का... मनापासून म्हणजे कसं मोजणार... बरं, आहे का कोणी? हो, आहे. माझ्या टेबलाच्या पायाखाली रोज कोणीतरी नवा पुठ्ठा घालतं. मांडणीकाका असणार. किती भला माणूस! सहमत." मांडणीकाका म्हणजे आमच्याकडे कागदांची मांडणी करून ते छपाईला देणारे गृहस्थ. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा ढीग असतो, हा त्यांचा एकमेव गुन्हा. आणि मामा, मला हलता येत नव्हतं! नियम! माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात मी लिहिलं, 'मांडणीकाका किती भला माणूस.' पेन्सिलीचं टोक उडून तिच्या वहीवर पडलं. ती म्हणाली, "तुम्ही फार दाबून लिहिता."

त्यानंतर जे झालं ते रागात झालं आणि रागात मी काय करतो हे तुमच्या दुकानाच्या दारानं पाहिलंय. मी त्या दिवशी मांडणीकाकांशी खिडकी उघडी की बंद यावरून भांडलो, चहाच्या कपावरून भांडलो, आणि मग बसून तेविसावं विधान बदललं. फेरचाचणी दुसऱ्या दिवशी होती. म्हटलं, विधानच इतकं नेमकं करू की मांडणीकाकांना त्यात पाय ठेवायला जागा उरणार नाही. तर नवं विधान असं: 'माझ्या डाव्या हाताला बसणारी व्यक्ती माझी मनापासून काळजी करते.' एकच प्रत. फक्त तिच्यासाठी. तिच्या कागदांच्या ट्रेमध्ये, वर. ती वाचेल, डावीकडे बघेल, मी तिथे असेन. एवढंच. आणखी मला काही नको होतं.

पण शाळासमूहाची घाई झाली, फेरचाचणी रद्द झाली, आणि मांडणीकाका सगळ्यांच्या ट्रेमधल्या प्रती गोळा करून मूळ प्रतीशी ताडून बघायला बसले. त्यांना एका प्रतीत तेविसावं वेगळं दिसलं. आमच्या कार्यालयाचा नियम: शेवटची दुरुस्ती ती खरी. भला माणूस! कोणाला न विचारता त्यांनी ते मूळ प्रतीत बसवलं, छापलं आणि पाठवलं. एकेचाळीस शाळा. नऊशे बारा शिक्षक. एका सकाळी नऊशे बारा माणसांनी एकाच वेळी आपल्या डावीकडे पाहिलं.

मामा, मला सोमवारी कागद परत आल्यावर कळलं. एका बाईंनी समासात लिहिलं होतं: 'कपाट आहे. तरीही सहमत.' डाव्या हाताला भिंत असलेल्या एका चित्रकलेच्या सरांनी 'पूर्ण असहमत'वर इतकी जोरात खूण केली होती की पानाला भोक पडलं होतं. एका शाळेत शेजारी बसून नऊ वर्षं न बोललेल्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याचा कागद चोरून पाहिला, त्यावर 'सहमत' दिसलं, आणि दोघं प्रश्नावली सोडून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या शाळेत 'पूर्ण असहमत' दिसलं, तिथे एकानं खुर्ची उचलून ग्रंथालयात मुक्काम हलवला. एका मुख्याध्यापकांचा फोन नेमका मी घेतला. ते म्हणाले, तुमच्यामुळे आमच्याकडे आता कोणी कोणाच्या डावीकडे बसत नाही, सगळे गोल करून बसलेत. मी म्हणालो, साहेब, गोलातही प्रत्येकाला डावी बाजू असतेच. यात चूक काय होतं? पण ते चढले, मग मी चढलो, आणि ती बातमी बाईंपर्यंत जायची ती गेली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मंगळवारी ती तक्ते घेऊन माझ्या टेबलाशी आली. स्वतःहून. डोळ्यांत अशी चमक की मी मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. म्हणाली, "तेवीस बघितलंत? चाळिसातलं सगळ्यात सरस. ज्यांनी इथे सहमत म्हटलंय ते बाकी सगळीकडे सुखी आहेत, ज्यांनी नाही म्हटलं ते नाहीत. असं विधान मी आजवर पाहिलं नाही. कोणाचं आहे हे?" मामा, ती त्या विधानाकडे ज्या नजरेनं बघत होती तसं माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मला माझ्याच वाक्याचा हेवा वाटला. आणि तोंडातून निघून गेलं, "एका बाहेरच्या तज्ज्ञांचं. माझं होतं ते त्यांनी बदलून दिलं." का? कारण 'माझं' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, 'डाव्याच हाताला का?', आणि त्याचं उत्तर सगळ्या कार्यालयासमोर, तिच्यासमोर, कसं द्यायचं? तिनं लगेच वहीत लिहून घेतलं: 'बाहेरचे तज्ज्ञ.' ज्या वहीत ती साडेएकोणसाठचे साठ होऊ देत नाही, त्या वहीत माझं खोटं बसलंय. तीन दिवस मला तेच दिसतं.

आता येत्या सोमवारी अकरा वाजता शाळासमूहाचे विश्वस्त येणार आहेत. त्यांना एकच जाणून घ्यायचंय: तेविसाव्या विधानाला शास्त्रीय आधार काय? बाईंनी बजावलंय, तुझ्या त्या तज्ज्ञांना समोर उभं कर, नाहीतर तू उभा राहू नकोस. अहवाल ती लिहिते आहे. खोटं उघडं पडलं तर नोकरी जाईल, ती जाऊ दे, मला नोकऱ्या सोडायची सवय होईल. पण अहवालावर नाव तिचं असेल. आणि मग ती माझ्याशी टाचण्यांपुरतंही बोलणार नाही.

असं आहे सगळं. तुमच्याकडे काही मागायचं नाही, मामा. मन मोकळं करायला मोठं माणूस लागतं, तुम्ही आहात, एवढंच. पाठीला जपा.

तुमचा, आणि सध्या दुसऱ्या कोणाचाच नसलेला,
भाचा

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खोडायला जागा नाही, म्हणून इथे लिहितो. बाईंनी तज्ज्ञांची माहिती मागितली तेव्हा मी तुमची दिली. खोटं एक अक्षर नाही: तीस वर्षांचा अनुभव, रोज माणसांच्या चाचण्या घेतात, डाव्या आणि उजव्या बाजूचा स्वतंत्र अभ्यास, लोक पहिल्यांदा देतात त्या उत्तरावर कधी विश्वास ठेवत नाहीत. बाई प्रभावित झाल्या. तेव्हा सोमवारी साडेदहाला या. गडद कोट घाला. कमी बोला. कोणी काही विचारलं तर थोडं थांबून म्हणायचं, "नमुना किती मोठा होता?" (म्हणजे किती जणांना विचारलं.) उत्तर मिळालं की म्हणायचं, "मग सरसकट काही म्हणता येणार नाही." आमचे सगळे तज्ज्ञ एवढ्यावरच चालतात. कोणाचा चष्मा वाकडा दिसला तरी हात लावायचा नाही. मामींना आणू नका, त्या खरं बोलतात.

दुसरा ता. क. आज शुक्रवार, दुपार. वरचा ता. क. वाचू नका. वाचला असेल तर कोट परत कपाटात ठेवा. सकाळी आमचे पाहुणे तज्ज्ञ आले होते. महिन्यातून एकदा येतात, डॉक्टरेट आहेत, आणि तिसऱ्या वाक्याला 'विश्वासार्हता' म्हणतात म्हणून आम्ही त्यांना तेच नाव ठेवलंय. बाईंनी त्यांना तेवीस दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हसले आणि म्हणाले, "हे तर माझ्याच जुन्या प्रश्नावलीतलं! आठवतंय मला लिहिलेलं." मामा, त्या क्षणी मी सुटलो होतो. बाहेरचे तज्ज्ञ हवे होते, बाहेरचे तज्ज्ञ चालत आले होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. तुमच्या गळ्याची शपथ, मी सहा-सात सेकंद बसलोही. मग उठलो. पुढे आवाज कोणाचा होता ते मला कळायच्या आत मी बोलून गेलो होतो की ते विधान माझं आहे, नऊशे बारा लोकांसाठी नाही, एकीसाठी लिहिलंय, ती इथे बसते, मी तिच्या डावीकडे बसतो, आणि पुठ्ठा मांडणीकाका घालत नाहीत! मांडणीकाका दारात उभे होते. म्हणाले, "कसला पुठ्ठा?" विश्वासार्हता म्हणाले, आपल्याला कदाचित दुसरं विधान आठवत असावं. बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं आणि म्हणाल्या, तुझं काय करायचं ते सोमवारी विश्वस्तांनी काय केलं ते बघून ठरवीन.

मी जिन्यात बसलो. वीस मिनिटांनी (तिच्या हिशेबानं एकोणीस) ती आली, वही घेऊन. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "बाहेरचे तज्ज्ञ खोडलंय. आता असं लिहिलंय: आधार, लेखकाचं वैयक्तिक निरीक्षण. नमुना संख्या, एक." मी म्हटलं, विश्वस्त मानतील? म्हणाली, "माहीत नाही. पण खरं आहे ना?" मी हो म्हटलं. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि म्हणाली, "रविवारी चारला आई घरी असते. कोणीतरी मोठं माणूस घेऊन ये. तू एकटा बोललास की भांडण होतं." मामा, सात महिन्यांत पहिल्यांदा 'तू' म्हणाली. रागात होती, पण म्हणाली.

तिसरा ता. क. हा होकार आहे की बोलावून घेऊन झाडायचा बेत आहे, हे मला ओळखता येत नाही. मला खात्री वाटली तर समजा चुकलंच असणार. म्हणून या. सोमवारी नको, रविवारी. तज्ज्ञ म्हणून नको, मामा म्हणून. मामींना आणाच, त्या खरं बोलतात. तिथे तुम्ही बोला, मामी बोलतील, मी तोंड उघडणार नाही. उघडलंच तर खुशाल माझ्या पायावर पाय द्या. मी जाड बूट घालून येतो, म्हणजे तुम्हाला संकोच वाटायला नको.